हरभऱ्याच्या खोलीतला कॉम्प्युटर

मला त्या पेटीची पहिल्या दिवसापासून भीती वाटायची. पुढं जे झालं ते झाल्यावर लोक म्हणाले, म्हातारीला आधीच कळलं होतं. काही कळलं नव्हतं. मी भलत्याच गोष्टीला भीत होते, आणि जिला भ्यायला पाहिजे होतं तिला रोज दुपारी पाठ टेकून बसत होते.

आमचं घर मुदखेडच्या बाहेरच्या अंगाला आहे. घरात मी, मुलगा, सून आणि नात. नात नांदेडला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करते, रोज रेल्वेनं जाते-येते. तिला घरी अभ्यासाला मशीन पाहिजे होतं. माझी लेक लातूरला दिलेली आहे. जावयाच्या क्लासमध्ये नवे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यातला एक जुना तिनं पाठवून दिला. गोधडीत गुंडाळलेला, वरून सुतळीनं बांधलेला. सुतळी सोडताना सुनेनं त्याला हळद-कुंकू लावलं. मी लांब उभी होते.

ठेवायचा कुठं, तर मागच्या खोलीत. तिथं नातीची खाट होती आणि हरभऱ्याची पोती होती. होळीच्या सुमाराला हरभरा निघाला, भाव पडलेला होता, म्हणून पोती घरात लावली. शेतातल्या शेडचा पत्रा गळतो. आणि आमच्याकडं धान्य घरात ठेवायची सवय जुनीच आहे. पोत्याच्या थप्पीवर अंथरुणं ठेवतात, पोरं वर चढून अभ्यास करतात, थप्पीला खेटून माणसं झोपतात. त्याचं कोणाला काही वाटत नाही. थप्पी आणि खाट यांच्या मधल्या जागेत टेबल बसलं, आणि टेबलावर ती पेटी.

बटण दाबलं की आत काहीतरी घरघरायचं. मागून गरम वारा यायचा. समोर निळा दिवा लागायचा आणि तो मिणमिणत राहायचा, कोणीतरी डोळा मिचकावतं तसा. नात तिच्यासमोर तासन्‌तास बसायची, पाठीत वाकून, तोंड उघडं ठेवून. मी दारातून बघायचे. मला वाटायचं, ही पेटी पोरीतलं काहीतरी ओढून घेते आहे.

एक दिवस नातच म्हणाली, "आज्जी, इथं बस. तुला शिकवते."

"मला कशाला? माझं चौथीवर भागलं."

"माझी तोंडी परीक्षा हाय. तुला समजलं की कोणालाबी समजतंय."

तिनं पेचकस घेतला. मी विचारलं, "वायर काढलीस का?"

"काढली."

"पुन्हा बघ."

तिनं मला दाखवायला वायर हातात धरून हलवली आणि बाजूचा पत्रा सरकवून काढला. आत गच्च काहीतरी भरलेलं असेल असं मला वाटलं होतं. अर्धी पेटी रिकामी होती. धूळ, रंगीत वायरी, आणि आत उभी केलेली एक हिरवी पाटी. पाटीवर बारीक बारीक घरं असावीत असं काहीतरी डकवलेलं.

"हा मदरबोर्ड. सगळे ह्याच्यावरच बसतात. ह्या रेघा दिसायल्या का? तांब्याच्या हायत. एकाकडून दुसऱ्याकडं जे काय जायचं ते ह्याच वाटेनं."

"आणि ही डबी?"

"पॉवर सप्लाय. भिंतीतली लाईट सरळ आत सोडली तर सगळं जळंल. ही तिला बारीक करती आणि ज्याला जेवढी पाहिजे तेवढी वाटती."

"म्हणजे रस्त्यावरची डीपी, घराघरात लाईट वाटती ती."

"हाव, डीपीच समज." मग तिनं एका पंख्यावर बोट ठेवलं. "ह्याच्या खाली प्रोसेसर हाय. सगळं काम हेच करतंय."

"हा मेंदू का?"

"मेंदू म्हणू नको, आमचे सर चिडतात. त्याला लई काही येत न्हाई. दोन आकडे मिळवायचे, कोणता मोठा ते बघायचं, इथलं उचलून तिथं ठेवायचं. बस. पण एवढ्या झपाट्यानं करतंय की तुझी पापणी लवायच्या आत त्याचं सगळं उरकून जातंय. त्यानं ते तापतंय, म्हणून वर पंखा."

"पंखा बंद पडला तर?"

"तर ते आपण होऊन बंद होतंय. जळायच्या आधी."

हे मला बरं वाटलं. माणसाला एवढी अक्कल नसते.

मग तिनं दोन्ही बाजूच्या खिट्ट्या दाबून एक लांबट पट्टी उपसून काढली. तिच्या एका काठाला सोनेरी दात होते. ही रॅम, म्हणाली. आणि खाली स्क्रूनं बसवलेली जड चपटी डबी, ती हार्ड डिस्क. दोन्हीत माहिती राहते. मग दोन कशाला, हे मला कळेना.

"रॅममधलं लाईट गेली की पुसून जातंय. डिस्कमधलं राहतंय. पण डिस्क हळू हाय. म्हणून कामाचं तेवढं डिस्कमधून काढून रॅमवर पसरायचं, काम करायचं, आणि पुन्हा डिस्कमध्ये ठेवायचं."

"म्हणजे खळं आणि पेव."

"पेव काय असतंय?"

तिला पेव माहीत नव्हतं. मी सांगितलं, आधी ज्वारी जमिनीखाली ठेवायचे. विहिरीसारखा खोल खड्डा, तोंड लहान, वरून दगड आणि माती. खळ्यावर पसरलेलं पाऊस आला की गेलं, पेवातलं राहिलं. ती हसली. परीक्षेत हेच सांगते म्हणाली.

"पण पेवात कोणी सरळ उतरत नव्हतं," मी म्हटलं. "आधी तोंड उघडून ठेवायचे. मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. कंदील विझला तर माणूस उतरायचा न्हाई. आत हवा नासलेली राहायची. आमच्या माहेरी एकजण तसाच उतरला. वर आला तो दोरीनं ओढलेला."

"आज्जी, तू कुठलं कुठं नेतीस," ती म्हणाली, आणि पट्टी परत बसवली. टक्‌ असा आवाज आला. नंतर तिनं सांगितलं की कीबोर्ड आणि माऊस म्हणजे पेटीचे कान, आणि समोरचा पडदा म्हणजे नुसतं तोंड. तोंड विचार करत नाही, आतून आलं ते सांगतं. मला सगळं समजलं असं नाही. पण आत भूत नाही एवढं कळलं. दोन दिवस भीती कमी झाली.

पावसाळा लागला आणि हरभऱ्यात भुंगे झाले. पोत्याला हात लावला की पीठ गळायचं. भुंगे खाटेवर, टेबलावर, चहात. मुलगा दुकानातून धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या घेऊन आला. त्यांचा धूर दिसत नाही, पण धान्यातला जीव मरतो. हे आमच्याकडं सगळे करतात. त्यानं पोत्यात गोळ्या ठेवल्या, तोंडं शिवली आणि वरून ताडपत्री टाकली.

मी म्हटलं, "पोरगी झोपती तिथं."

"माय, ताडपत्री हाय ना वर. कुठून बाहेर येतंय?"

मला ते पटलं. खरंच पटलं.

चार-पाच दिवसांनी खोलीत वास यायला लागला. सडक्या लसणासारखा. पेटीच्या जवळ गेलं की जास्त. पेटीचा पंखा खोलीतली हवा ओढून मागून फेकतो, म्हणून तिथं जास्त लागत असेल, हे मी आता म्हणते. तेव्हा म्हटलं, वास पेटीचाच आहे, आत काहीतरी जळतं आहे. नातीनं पत्रा उघडून हुंगलं. जळलेलं काही नव्हतं.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठली की जड, कॉलेजला गेली की उतरायचं, घरी येऊन झोपली की पुन्हा जड. मळमळ. कोरडा खोकला. सून म्हणाली चष्मा लागला असेल. मुलगा म्हणाला रेल्वेची धावपळ. मी म्हटलं पेटी. मी रोज म्हटलं. जेवताना म्हटलं, झाडताना म्हटलं.

आणि पेटीही बिघडली. एक दिवस बटण दाबलं तर पडदा काळाच, आणि आतून आवाज: टीं, टीं, टीं. थांबून पुन्हा टीं. मी देवासमोर बसले होते, माझ्या हातातली वात पडली.

"रॅम बसली न्हाई नीट," नात म्हणाली. "ती सापडली न्हाई की बोर्ड असा ओरडतंय. पडद्यावर सांगता येत न्हाई ना, म्हणून आवाजानं सांगतंय."

"काय सांगतंय?"

"की माझ्याकडं काम करायला जागा न्हाई."

तिनं पट्टी काढली आणि शाळेतलं खोडरबर घेऊन तिचे दात घासले. सगळे असंच करतात म्हणाली. रबर काळं झालं. पट्टी बसवली, पेटी चालू झाली. दोन दिवसांनी पुन्हा टीं टीं. पुन्हा घासलं, पुन्हा रबर काळं. असं होत होत खोडरबराचा तुकडा एवढासा उरला.

त्याच खोलीत नातीच्या उशाला पाण्याचा तांब्याचा तांब्या असायचा. तोही काळा पडायला लागला. चिंच-मीठ लावून मी लख्ख करायचे, सकाळी बघावं तर पुन्हा काळपट, डाग पडलेला. मधल्या खोलीतली तांब्याची भांडी मात्र चांगली होती. मी तांब्या घेऊन पुढच्या खोलीत गेले आणि मुलाच्या समोर आदळला.

"बघ. पेटीनं तांबं काळं केलं. पोरीच्या डोक्याचं काय करीत असंल?"

"माय, कॉम्प्युटरनं तांब्या काळा होत न्हाई."

"मग कशानं झाला?"

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी पेटी पुरती बंद पडली. आवाजसुद्धा येईना. मला नांदेडला डोळे दाखवायला जायचंच होतं, मुलगा म्हणाला, त्याच फेरीत पेटीही दुरुस्तीला टाकू. नात येणार होती, पण सकाळी उठली तीच भिंतीला धरून. "तुम्ही जावा. मी जरा पडते," म्हणाली. बाहेर पावसाची झड लागलेली, खिडकी लावलेली. सून शेतात फुलं तोडायला गेली होती. जाताना मी खोलीचं दार लोटून घेतलं, तिला कोंबड्यांचा त्रास नको म्हणून.

रेल्वेच्या डब्यात गुलाबाच्या आणि झेंडूच्या पाट्या होत्या, ओल्या फुलांचा वास. पेटी माझ्या मांडीवर. समोरची एक बाई म्हणाली, "मावशी, काय टीव्ही हाय का?" मी म्हटलं, "दुखणं हाय."

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती, म्हणून आधी दुरुस्तीवाल्याकडं गेलो. स्टेशनापासून जवळच्या गल्लीत अरुंद दुकान. दुकानदार जाडजूड, तोंडात सुपारी, बोलायला खरखरीत. त्यानं पत्रा काढला, दिवा जवळ घेतला आणि सुपारी चघळायची थांबवली.

"कुठं ठेवला होता हा? गटारात?"

"घरात," मुलगा म्हणाला.

"घरात असं होत न्हाई." त्यानं मला बोटानं दाखवलं. हिरव्या पाटीवर जिथं जिथं तांबं उघडं होतं तिथं काळी बुरशी चढल्यासारखी दिसत होती. डीपीच्या डबीतली तांब्याची गुंडाळी काळी. पंख्याखालच्या धातूला काळे डाग. "हे पाण्यानं न्हाई झालेलं. पाण्यानं हिरवं होतंय. हे हवेनं खाल्लंय. रस्ताच तुटला की वीज जाणार कुठून?"

मी म्हटलं, "आमचा तांब्याबी असाच काळा पडतंय. ह्याच्या शेजारी ठेवलेला."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "रोज पडतंय?"

"रोज. मी म्हणते ह्या पेटीनंच केलं."

"न्हाई मावशी. तांब्यात काय वीज हाय का? दोघांनाबी तिसऱ्यानंच खाल्लंय." तो मुलाकडं वळला. "त्या खोलीत अजून काय ठेवता?"

"हरभरा."

"नुसता?"

मीच म्हटलं, "गोळ्या हायत त्यात. भुंग्याच्या."

दुकानदारानं हातातला दिवा खाली ठेवला. "धर्माबादच्या बाजूनं धान्य तोलायच्या काट्यांची कार्डं, आतल्या अशाच पाट्या, येतात माझ्याकडं. गोदामात गोळ्या मारतात, काटा आतच विसरतात. अशीच काळी होऊन येतात." मग हळू विचारलं, "खोलीत झोपत तर न्हाई ना कोणी?"

मी मुलाकडं बघितलं. त्याचं तोंड चुन्यासारखं झालं होतं.

"माय," तो म्हणाला, "सकाळी निघताना मी पुन्हा टाकल्या. भुंगे मरेनात म्हणून. जास्तीच्या टाकल्या."

"तिला ठाऊक हाय?"

"ती झोपली होती."

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. सुनेला लावला, तिचा फोन घरातच चार्जिंगला असतो, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं. पुन्हा नातीला लावला. वाजत राहिला. मी दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्या डोळ्यासमोर ती बंद खिडकी आली, मी माझ्या हातानं लोटलेलं दार आलं, आणि माहेरचा तो माणूस आला, दोरीनं वर ओढलेला, ज्याच्या नाकाला माती लागली होती.

"शेजारणीला लाव," मी म्हटलं.

शेजारणीशी आमचं बोलणं बंद होतं. तिची बकरी आमचा झेंडू खाते. तिनं उचलल्यावर मुलानं आपला फोन माझ्या हातात दिला.

"काय वो, आज कशी काय आठवण झाली? बकरी तर बांधलेलीच हाय माझी."

"टोमणे मागून मार, बाई. माझी नात मागच्या खोलीत झोपलीय. तिथं धान्याच्या गोळ्यांचं विष पसरलंय. तिला बाहेर ओढ."

दुकानदारानं माझ्या हातातून फोन घेतला. "ताई, तोंडाला पदर लावा, श्वास धरून जा. आत थांबू नका, बघत बसू नका. पोरीला उघड्यावर आणा. दार-खिडकी उघडून लांब व्हा. फोन चालू ठेवा."

आम्ही तिघं त्या फोनवर वाकलो. तिच्या चपला चिखलात वाजल्या. आमच्या फाटकाची कडी वाजली, तिचा आवाज मला ओळखू येतो. मग दार. मग "अगं ए पोरी, ए, ऊठ." मग काहीतरी पडलं. आणि नंतर काहीच नाही. फोन चालू होता, पण त्यात फक्त पाऊस ऐकू येत होता.

रस्त्यानं ऑटो जात होते. एक गिऱ्हाईक येऊन चार्जर मागत होता, दुकानदारानं त्याला हातानंच घालवलं. मुलगा भिंतीला कपाळ लावून उभा होता. मी देवाचं नाव घेतलं नाही. माझ्या मनात एकच चाललं होतं, की आता दोघी गेल्या. पोरगीही गेली आणि जिला मी आत पाठवली तीही गेली.

मग फोनमधून खोकला आला. खूप खोकला. आणि शेजारणीचा आवाज: "आणली बाहेर. अंगणात टाकलीय. ओकायली. लई ओकायली, पण डोळे उघडलेत."

"बोलती का?"

"आज्जी कुठंय म्हणायली."

मुलगा जमिनीवर बसला. दुकानदार म्हणाला, "बसू नका. ऑटो करून सरळ नांदेडच्या दवाखान्यात आणायला सांगा. बरी वाटली तरी आणा. आणि डॉक्टरला गोळ्यांचं सांगा, लपवू नका."

शेजारणीच्या मुलानं ऑटो काढला आणि शेजारीण तिला मांडीवर घेऊन नांदेडला आली. आम्ही दवाखान्याच्या फाटकात उभे होतो. नातीचे ओठ पांढुरके, केस ओले, एका पायात चप्पल. मी हात धरला तर बर्फासारखा. तिला आत नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिनं गोड बोलून वेळ घालवला नाही. "आजी, ह्या वायूला उतारा नसतो. ऑक्सिजन द्यायचा आणि हृदयावर लक्ष ठेवायचं. उद्या सकाळपर्यंत काही सांगता येत नाही." शेजारणीलाही खाटेवर बसवून तपासलं. ती सारखी म्हणत होती, मला काय धाड भरलीय, माझी बकरी सोडायची राहिलीय.

नातीच्या उशाशी एक पेटी होती. पडदा, त्यावर हिरवी रेघ, आणि प्रत्येक उडीला आवाज. टीं. टीं. मी त्या आवाजाला इतकी भ्याले की कान झाकले. पेटी ओरडते म्हणजे काहीतरी सापडत नाही, एवढंच मी शिकले होते.

नातीनं तोंडावरचा मास्क जरा उचलला. "आज्जी, हा चांगला आवाज हाय. प्रत्येक ठोक्याला वाजतंय."

"मास्क खाली ठेव."

"आत तेच हाय सगळं. छातीवरच्या ह्या चकत्या म्हणजे कीबोर्ड. ठोका आत जातंय, प्रोसेसर मोजतंय, पडद्यावर—"

"परीक्षा मागून दे. मास्क."

तिनं मास्क लावला. मी त्या पडद्याकडं बघत बसले. आवाज दोन ठोक्यांच्या मध्ये थोडा लांबला की माझा श्वास थांबायचा. कानात कापूस घालावा वाटत होता, आणि कापूस घातला तर आवाज बंद पडलेला कळणार नाही, म्हणून घालवत नव्हता. मुलगा बाहेरच्या बाकावर होता. मी पाणी प्यायला बाहेर आले तेव्हा म्हणाला, "माय, गोळ्यांच्या दुकानदारानं सांगितलं होतं, राहत्या घरात ठेवू नका म्हणून."

"मग?"

"सगळेच ठेवतात."

हे खरं होतं. आमच्या गल्लीतल्या घरांमध्ये त्या दिवशीसुद्धा किती पोत्यांत गोळ्या असतील कोण जाणे, आणि त्यांना टेकून माणसं जेवत असतील. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर थांबले नसते.

सकाळी डॉक्टरीणबाईनं रेघ बघितली, रक्ताचा कागद बघितला, आणि म्हणाली, हृदय नीट चाललं आहे. अजून काही दिवस इथंच ठेवू. मी विचारलं, "भ्यायचं कारण न्हाई ना?" ती म्हणाली, "कमी झालं आहे." मला ते उत्तर आवडलं. खोटं नव्हतं.

पोती घरातून काढून शेतात नेली, ताडपत्रीवर पसरली. खोली कित्येक दिवस उघडी ठेवली. लातूरच्या लेकीनं दुसरी पेटी पाठवली. जुन्या पेटीतलं बाकी सगळं भंगारात गेलं, पण हार्ड डिस्क दुकानदारानं वाचवली. तिच्या खालची हिरवी पाटी काळी पडली होती, तशीच दुसरी बसवली म्हणाला, आतलं झाकण बंद होतं म्हणून माहिती शाबूत राहिली. पेवातलं राहिलं. मी नातीला म्हटलं, आमच्याकडं दोरीला कंदील बांधून सोडायचे. आपल्या घरात ही पेटी आधी आत गेली आणि विझली. आम्ही विझलेला कंदील खोडरबरानं घासत बसलो. तिला हसू येईल असं मला वाटलं होतं, आलं नाही.

आता ती बरी आहे. जिना चढताना थोडी दमते. नवी पेटी पुढच्या खोलीत आहे, खिडकीजवळ, आणि खिडकी थंडीतही उघडी असते. पेटीशेजारी मी तो तांब्या ठेवते आणि सकाळी उठल्यावर आधी तोच बघते. सून म्हणते, आत्याबाई, आता घरात काय हाय काळं पडायला. नसेल. मी बघते.

परवा नात काम करत होती आणि पडदा एकाएकी निळा झाला. वर पांढरी अक्षरं, मध्ये गोल फिरणारे ठिपके. बाकी काही हलेना. मी भाकरी टाकून आले.

"ऊठ. बाहेर हो."

"आज्जी, अपडेट चालू हाय. नवीन प्रोग्रॅम बसवायलंय ते. होतंय आपण होऊन."

"होऊ दे. तू बाहेर ये. सगळे बाहेर या."

सून पिठाच्या हातानं बाहेर आली. मुलगा जेवता जेवता ताट घेऊन बाहेर आला आणि अंगणात दगडावर बसून जेवायला लागला. नांदेडच्या त्या दिवसापासून तो मला उलट बोलत नाही. नात खांबाला टेकून उभी राहिली, हाताची घडी घालून.

भिंतीवरून शेजारणीनं डोकं काढलं. "काय वो, आज पुन्हा काय?"

"कॉम्प्युटर थांबलाय," सून म्हणाली.

"मग मीबी येऊ का बाहेर?"

"ये," मी म्हटलं. "बकरी बांधून ये."

उघड्या दारातून पडदा दिसत होता. ठिपके फिरत होते. मी तांब्या बाहेर आणला, उन्हात धरला आणि चारी बाजूंनी फिरवून बघितला. लाल होता. तरी मी कोणाला लगेच आत जाऊ दिलं नाही.